जुन्या इनसाइटमध्ये मोटरचा ताबा हाती घेताना या चुका टाळा

होंडाची पहिल्या पिढीची इनसाइट ही हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली गाडी डिसेंबर १९९९ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आली आणि २००६ साली तिचे उत्पादन थांबले. एक लिटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन, अ‍ॅल्युमिनियमची बॉडी आणि इंजिन व क्लच यांच्यामध्ये बसवलेली १० किलोवॅटची चपटी मोटर, एवढाच तिचा संसार. मोटरने केव्हा जोर लावायचा आणि केव्हा बॅटरी भरायची, हे गाडीचा संगणक ठरवतो. तो बहुतेक वेळा शहाणपणाने ठरवतो, पण पुढचा रस्ता त्याला दिसत नाही. ही गाडी सपाट रस्त्यावर अगदी पातळ मिश्रणावर, म्हणजे लीन बर्नवर चालते आणि तिच्या मायलेजचे रहस्य तिथेच आहे. हलका चढ लागला की चालक अ‍ॅक्सिलरेटर थोडा अधिक दाबतो, लीन बर्न सुटते, आणि त्यानंतर संगणक मोटरची मदत देतो. तीच मदत चढाच्या तोंडाशी किंचितशी मिळाली असती, तर इंजिन लीन बर्नमध्येच राहिले असते. हे साधण्यासाठी हौशी लोकांनी मोटरच्या हस्तनियंत्रणाची यंत्रणा तयार केली आणि तिला मिमा हे नाव पडले. गिअरच्या दांड्याजवळ एक छोटी जॉयस्टिक असते. ती पुढे ढकलली की मोटर जोर लावते आणि मागे ओढली की बॅटरी भरते. इंजिनाचा संगणक म्हणजे ईसीएम, मोटरचा संगणक म्हणजे एमसीएम, आणि या दोघांमधले संकेत मधल्या मध्ये अडवून मिमा आपले संकेत पुढे पाठवते.

मिशिगनमध्ये माझ्या स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या अशा काही पाच गिअरच्या इनसाइटमध्ये मी हे काम केले आहे आणि त्याहून जास्त गाड्यांमध्ये दुसऱ्यांनी केलेले काम निस्तरले आहे. चुका त्याच त्याच असतात, म्हणून हे लिहीत आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे आजारी बॅटरीवर हस्तनियंत्रण चढवणे. हिच्याबद्दल मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते. या गाडीच्या बॅटरीत निकेल मेटल हायड्राइडचे १२० सेल एकापुढे एक जोडलेले असतात. सेल १.२ व्होल्टचा, म्हणून एकूण १४४ व्होल्ट. क्षमता ६.५ अँपिअर-तास, म्हणजे नवी बॅटरी असली तरी साठा एक किलोवॅट-तासाहून थोडा कमीच. मोटर पूर्ण जोराने चालवली की या चिमुकल्या सेलमधून सुमारे ७० अँपिअर ओढले जातात. सेलच्या क्षमतेच्या मानाने हा प्रवाह दहापटीहून अधिक आहे. बॅटरी तळापासून वरपर्यंत वापरू दिली जात नाही, त्यामुळे सगळा हिशेब केला तर पूर्ण जोर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे पुरतो. संगणक हा जोर जपून, तुकड्या-तुकड्याने वापरतो, म्हणून अशक्त सेल वर्षानुवर्षे झाकलेले राहतात. हातात जॉयस्टिक आली की माणूस पहिल्याच लांब चढावर ती पुढे दाबून धरतो, आणि झाकलेले सगळे उघडे पडते.

माझ्या एका परिचितांची २००१ सालची चंदेरी इनसाइट होती. बॅटरी ‘तशी चांगली आहे’ असे त्यांचे म्हणणे होते. महिन्यातून दोन-तीनदा डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या पट्ट्या एकाएकी खाली येत आणि गाडी स्वतःहून बॅटरी भरू लागे, पण थोड्या वेळाने सगळे पूर्ववत होई, म्हणून त्यांनी ते मनावर घेतले नव्हते. वास्तविक हीच बॅटरी अशक्त झाल्याची खूण असते. आतल्या एखाद्या गटाचा व्होल्टेज इतरांच्या आधी कोसळला की बॅटरीवर लक्ष ठेवणारा बीसीएम आपला हिशेब चुकला असे मानून तो नव्याने मांडतो, आणि त्याबरोबर पट्ट्या एकदम खाली येतात. मी त्यांना आधी बॅटरी तपासण्यास सांगितले, परंतु यंत्रणेची पेटी घरी येऊन पडली होती आणि शनिवार मोकळा होता. त्यांनी ती स्वतःच बसवली आणि रविवारी पुलाच्या चढावर जॉयस्टिक पुढे दाबली. काही सेकंदांत पिवळा दिवा लागला आणि बॅटरी खालावल्याचा पी १४४९ हा बिघाडाचा कोड आला. पुढचे दोन आठवडे त्यांनी यंत्रणेला दोष देण्यात घालवले. गाडीचा मागचा भाग तीनदा उघडला, एकदा सगळी वायरिंग नव्याने केली, आणि दर वेळी तोच कोड. शेवटी गाडी माझ्याकडे आली, तेव्हा मी आधी मिमा पूर्ण काढून गाडी मूळ अवस्थेत आणली. बीसीएम बारा-बारा सेलच्या दहा गटांचे व्होल्टेज स्वतंत्रपणे मोजतो आणि ते आकडे वाचणारे छोटे उपकरण मिळते. ते लावून आम्ही त्याच पुलावर गेलो. नऊ गट चौदा व्होल्टच्या आसपास होते आणि दहावा जोर लागताच दहाच्या खाली घसरत होता. यंत्रणेत काहीही बिघडलेले नव्हते.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे आणि तो मी कोणासाठीही बदलत नाही. आधी महिनाभर गाडी आहे तशी चालवायची आणि पट्ट्या किती वेळा कोसळतात ते वहीत टिपायचे. मग बॅटरी मंद चार्जरवर लावून सेल समपातळीत आणायचे. हा चार्जर साधारण ३५० मिलिअँपिअरचा असतो, त्यामुळे रिकामी बॅटरी भरायला अठरा-एकोणीस तास सहज लागतात, आणि सगळे सेल काठोकाठ भरावेत म्हणून मी त्यावर आणखी काही तास देतो. या सगळ्या वेळात बॅटरीचा पंखा चालू असलाच पाहिजे, कारण भरलेल्या सेलमध्ये जाणारी वीज साठत नाही, तिची उष्णता होते. त्यानंतर पुन्हा पंधरा दिवस गाडी आहे तशीच चालवायची. एवढे करूनही पी १४४९ किंवा गटांच्या व्होल्टेजमधली तफावत दाखवणारा पी १४४७ आला, तर हस्तनियंत्रणाचा विचार बॅटरी बदलेपर्यंत बाजूला ठेवायचा. दीड महिना थांबण्याची तयारी नसलेल्या माणसाने हे काम हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक जिवाशी गाठ असलेली आहे. मागच्या डेकखालचा मुख्य स्विच बंद केला की काम सुरू, असे समजणारे लोक मी पाहिले आहेत. स्विच बंद झाला तरी मोटर चालवणाऱ्या भागातील कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते. होंडाचे सर्व्हिस मॅन्युअल किमान पाच मिनिटे थांबून व्होल्टेज ३० च्या खाली आल्याची मोजून खात्री करायला सांगते. मी पंधरा मिनिटे थांबतो, मीटर आधी बारा व्होल्टच्या बॅटरीवर लावून तो नीट चालतो ना हे पाहतो, आणि मगच उच्च व्होल्टेजच्या नारिंगी तारांच्या टोकांवर मोजतो. १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालायचे, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवायचे, शक्य तिथे एकच हात आत घालायचा. हेही ध्यानात ठेवावे की स्विच फक्त बॅटरीला बाहेरच्या तारांपासून तोडतो. बॅटरीच्या आतली सेलची माळ स्विच बंद असतानाही जिवंतच असते, त्यामुळे तिथले झाकण या कामासाठी उघडूच नये.

तिसरी चूक जोडणीची, आणि ती मीही एकदा केलेली आहे. मूळ तारेवर बाहेरून चिमटीसारखे दाबून बसवायचे कनेक्टर दुकानात स्वस्त मिळतात. तार सोलावी लागत नाही, डाख द्यावा लागत नाही, पाच मिनिटांत काम होते. या कनेक्टरचे पाते तारेचे प्लॅस्टिक कापून आत शिरते आणि जाताना तांब्याचे चार-दोन धागेही कापते. उन्हाळ्यात सगळे सुरळीत चालते. माझ्या गाडीत थंडी पडू लागल्यावर मोटर मधूनच सुटू लागली. कधी आठवडाभर काही नाही, तर कधी एकाच दिवसात चार वेळा. मी जॉयस्टिक बदलली, नियंत्रकाची पाटी तपासली, बॅटरीवर संशय घेतला. तीन आठवड्यांनी, तापमान शून्याखाली असताना, गॅरेजमध्ये एकेक तार हलवत बसलो तेव्हा एका कनेक्टरला बोट लागताच बिघाड झाला. उघडून पाहिले तर तारेचे दोनच धागे शिल्लक होते आणि तेही हिरवे पडलेले.

ईसीएमकडून एमसीएमकडे जाणारा जोर किती लावायचा याचा संकेत हा साधा व्होल्टेज असतो, चालू-बंद असा नव्हे. त्यामुळे सैल सांध्यावर हरवलेले व्होल्टचे एक-दोन दशांशदेखील मोटरला वेगळा हुकूम देतात. तेव्हापासून मी मूळ हार्नेसची, म्हणजे गाडीच्या तारांच्या जुडग्याची, एकही तार कापत नाही. मूळ प्लग आणि एमसीएम यांच्या मध्ये बसणारा, दोन्ही टोकांना त्याच जातीचे कनेक्टर असलेला वेगळा हार्नेस लावतो. त्यातला प्रत्येक सांधा नीट क्रिंप करतो किंवा डाख देऊन त्यावर आकसणारी नळी चढवतो. याचा सर्वांत मोठा फायदा बिघाडाच्या वेळी कळतो, कारण हार्नेस काढून मूळ प्लग परत जोडला की दहा मिनिटांत गाडी कारखान्यातून आली तशी होते. कोणताही दिवा लागला की मी सर्वांत आधी हेच करतो आणि वीस मैल चालवून पाहतो. दिवा पुन्हा लागला, तर दोष गाडीचा आहे आणि नाही लागला, तर माझ्या कामाचा.

अर्थिंगचा प्रश्नही याच जातीचा आहे. नियंत्रकाची काळी तार जवळच्या कोणत्याही बोल्टखाली दाबायची सवय पोलादी गाड्यांवर लागलेली असते. इनसाइटची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे. तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि आमच्याकडच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पाणी तिथे पोचले, की तो सांधा काही महिन्यांत पांढऱ्या भुकटीने भरतो. अर्थ डळमळीत झाला की वर सांगितलेला संकेतही डळमळतो. म्हणून अर्थ एमसीएमच्या स्वतःच्या अर्थच्या तारेवरूनच घ्यावा.

बारा व्होल्टची बॅटरी जुनी असेल तर आधी ती बदलावी. या गाडीत अल्टरनेटर नाही, १४४ व्होल्टवरून डीसी-डीसी कन्व्हर्टर ती भरतो, आणि ती अशक्त असली की संगणक नाही नाही ते कोड दाखवतात. काम करताना तिची तार काढली असेल, तर नंतर हायब्रिड बॅटरीच्या पट्ट्या रिकाम्या दिसतात आणि गाडी काही मिनिटे जबरदस्तीने चार्ज करते. तो बिघाड नव्हे. जॉयस्टिक गुडघा किंवा बाही लागेल अशा जागी बसवू नये. तारांना चिठ्ठ्या लावाव्यात.

यंत्रणा बसल्यावरच्या चुकांपैकी दोन मला विशेष काळजीच्या वाटतात. मोटर इंजिनाच्या बाजूला, क्लचच्या अलीकडे आहे, हे नवशिके विसरतात. जॉयस्टिक मागे ओढलेली असताना क्लच दाबला, तर चाकांचा आधार सुटतो आणि मोटर सगळा भार एकट्या इंजिनावर टाकते. इंजिन धाप लागल्यासारखे होऊन बंद पडते, आणि बहुधा सिग्नलपाशीच. क्लचच्या आधी जॉयस्टिक मध्यावर, ही सवय हाताला लागेपर्यंत मी कोणालाही रहदारीत गाडी नेऊ देत नाही. दुसरी चूक रिजनला, म्हणजे जॉयस्टिक मागे ओढून मोटरने बॅटरी भरण्याला, ब्रेकसारखे वापरण्याची. पायाखालचा ब्रेक दाबलेला नसल्यामुळे मागचे लाल दिवे लागत नाहीत, आणि गाडी मंदावते आहे हे मागच्या चालकाला कळत नाही. शिवाय हा सगळा ओढा फक्त पुढच्या चाकांवर येतो. बर्फावर पूर्ण रिजन ओढले की पुढची चाके घसरतात आणि स्टिअरिंग हाती असून नसल्यासारखे होते. मी नोव्हेंबर ते मार्च रिजन अर्ध्यावर मर्यादित ठेवतो आणि कोणी मागे असेल तर पेडलला हलका स्पर्श करून दिवे लावतो.

शेवटी मध्यबिंदूविषयी. पाच व्होल्टवर चालणारी जॉयस्टिक सोडलेली असताना तिने अडीच व्होल्टच्या आसपास स्थिर असायला हवे. स्वस्त जॉयस्टिक थंडीत किंवा झिजल्यावर या मध्यापासून सरकते. मग हात न लावताही मोटर किंचित ओढत किंवा भरत राहते आणि मालक ‘मायलेज कमी झाले’ म्हणून टायरमध्ये हवा भरत बसतो. मी मध्याच्या दोन्ही बाजूंना थोडा निष्क्रिय पट्टा, म्हणजे जॉयस्टिक किंचित हलली तरी मोटरला हुकूम जात नाही अशी जागा, ठेवतो आणि ऋतू बदलला की मीटर लावून तो मध्य पुन्हा तपासतो. गाडी सपाट रस्त्यावर, जॉयस्टिक सोडलेली आणि मिमा हस्तनियंत्रणावर असताना डॅशबोर्डवर ना चार्जची पट्टी दिसावी, ना असिस्टची, म्हणजे मोटरच्या मदतीची. एकही पट्टी दिसली, तर त्या दिवशी गाडी गॅरेजमध्येच राहते.