चिकटवताना जुनाच मजकूर का येतो?

सोसायटीच्या पत्रांत तीच ती वाक्यं: ‘देखभाल शुल्क १० तारखेपर्यंत भरावे’, खाली पदनाम, पत्ता. त्यासाठी मी ऑटोहॉटकी हा विंडोजवरचा प्रोग्राम वापरतो; त्यानं काय करायचं ते ‘स्क्रिप्ट’ नावाच्या फाइलीत लिहून ठेवायचं. तो पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाशेजारी गुपचूप चालू असतो. ठरवलेला संक्षेप टाइप करून स्पेस दाबली की पूर्ण मजकूर उमटतो.

देवनागरीऐवजी भलतीच चिन्हं येत होती, ते पटकन सुटलं. १.१ आवृत्तीसाठी स्क्रिप्ट नोटपॅडमधून ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ (देवनागरी अक्षरं नीट ओळखू येतील असा फाइलचा प्रकार) अशी सेव्ह करायची. (२.० मध्ये ही भानगडच नाही.)

खरं छळलं ते वेगळ्याच गोष्टीनं. लांब मजकूर एकदम यावा म्हणून स्क्रिप्ट तो क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं तात्पुरतं राहतं त्या जागी) ठेवते, कंट्रोल-व्ही ही चिकटवण्याची आज्ञा पाठवते आणि क्लिपबोर्डवर आधी जे होतं ते परत ठेवते. पण नोटिशीच्या जागी मघाशी कॉपी केलेला कुणाचा तरी फोन नंबर पडायचा! कारण कंट्रोल-व्ही नुसती पाठवली जाते. समोरचा प्रोग्राम क्लिपबोर्ड आपल्या सवडीनं वाचतो, तोवर जुना माल जागेवर परतलेला असतो. परत ठेवण्याच्या ओळीआधी ३०० मिलिसेकंदांचा ‘स्लीप’ (थांबण्याची आज्ञा) घातला आणि नंबर पडणं थांबलं. मशीन मंद असेल तर ५०० करून बघा.

पासवर्ड मात्र या स्क्रिप्टमध्ये ठेवू नका. साधी टेक्स्ट फाइल आहे ती, कुणीही उघडून वाचेल.