लिप्यंतरण थांबवूनही आरएनए 'वाढत' होता: ऋण ऱ्हास-दराचा घोळ

पेशींना अ‍ॅक्टिनोमायसिन-डी हे औषध देऊन लिप्यंतरण (डीएनएवरून आरएनए बनणं) थांबवलं, ०, १, २, ४ आणि ८ तासांनी नमुने घेतले. आरएनए वेळेनुसार किती घटतो त्याचं समीकरण आकड्यांवर बसवल्यावर (फिटिंग) बऱ्याच जनुकांचा ऱ्हास-दर, म्हणजे आरएनए नष्ट होण्याचा वेग, ऋण!

नॉन-लिनिअर फिट करून पाहिला, ८ तासांचा बिंदू वगळला, दरावर शून्याची मर्यादा घातली (मग सगळे शून्यालाच चिकटले). तीन आठवडे वाया गेले.

समीकरण ठीकच होतं, गोची टीपीएमची (दर दहा लाखांत त्या जनुकाच्या आरएनएचा वाटा सांगणारं माप). त्याची बेरीज प्रत्येक नमुन्यात १० लाखच येते. अल्पायुषी आरएनए संपले की टिकाऊंचा वाटा आपसूक फुगतो.

प्रयोग पुन्हा केला तो असा. आधी पेशी मोजून प्रत्येक नमुन्यात सारख्याच घेतल्या. मग लायसिस बफरमध्येच (पेशी फोडण्याच्या द्रावणात) ईआरसीसी स्पाइक-इन, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणातले बाहेरचे कृत्रिम आरएनए, समान प्रमाणात घातलं. आरएनए काढल्यानंतर घालू नका, काढताना झालेली घट मग दिसतच नाही. रीड्स (सिक्वेन्सिंगमधून वाचलेले तुकडे) जीनोम आणि ईआरसीसी यांच्या एकत्रित संदर्भावर जुळवले. जनुकाचे काउंट (त्यावर जुळलेल्या रीड्सची संख्या) त्याच नमुन्यातल्या ईआरसीसीच्या एकूण काउंटने भागले. नंतर नैसर्गिक लॉग घेऊन वेळेशी सरळ रेषा बसवली: उताराचं चिन्ह बदललं की ऱ्हास-दर, ०.६९३ भागिले तो दर म्हणजे अर्धायुष्य. निर्मिती-दर म्हणजे ऱ्हास-दर गुणिले ० तासाची पातळी, अर्थात पेशी तेव्हा स्थिर अवस्थेत (निर्मिती आणि ऱ्हास सारखे) असतील तरच.

आता ऋण दर फक्त अगदी कमी काउंटच्या जनुकांत उरलेत. ती मी गाळतो.