मुतखडा: कळ उठल्यापासून खडा हातात येईपर्यंत काय करावं

कळ थांबली म्हणजे खडा पडला, असं समजून रिपोर्टची पिशवी कपाटात टाकून देणारी माणसं माझ्या घरात, नात्यात आणि शेजारात भरपूर आहेत. मुतखडा आमच्याकडे वडिलांपासून चालत आलाय. मला आहे, धाकट्या भावाला आहे, आणि मार्च-एप्रिल लागला की कुणा ना कुणाला घेऊन दवाखान्यात जाणं ठरलेलंच. या दुखण्यात सल्ले चिक्कार मिळतात. बिअर प्या, टोमॅटो सोडा, दूध बंद करा, अमुक वैदूची पुडी घ्या. पण कळ थांबल्यावर पुढच्या महिनाभरात काय करायचं हे कुणी सांगत नाही, आणि किडनी जाते ती त्याच महिनाभरात. म्हणून या लेखात बाकीच्या पायऱ्या थोडक्यात आणि ती एक सविस्तर.

कळ उठली की

बरगडीखाली पाठीत एका बाजूला सुरू होऊन जांघेकडे उतरणारी कळ, सोबत मळमळ किंवा उलटी. अपेंडिक्सचा पेशंट बहुधा हालचाल टाळून पडून राहतो, मुतखड्याचा मात्र एका जागी ठरत नाही. दवाखाना गाठा. बहुतेकदा डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देतात आणि ते चांगलं लागू पडतं. किडनी आधीच अशक्त असेल, अल्सर किंवा हृदयाचा आजार असेल, तर इंजेक्शनच्या आधी सांगा.

कळ चालू असताना तांब्यावर तांब्या पाणी पिऊ नका. पाण्याच्या जोराने खडा खाली ढकलला जात नाही. वर तुंबलेल्या किडनीवरचा दाब वाढतो आणि उलटी होते. तहानेपुरतं प्या.

थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, उलट्या थांबेनात, किडनी एकच असेल किंवा बाई गरोदर असेल, तर सकाळची वाट बघू नका. तुंबलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला तर तो काही तासांत रक्तात पसरू शकतो. अशा वेळी डॉक्टर आधी नळी टाकून लघवीला वाट करून देतात आणि खडा नंतर काढतात. ‘खडा का नाही काढला’ म्हणून नातेवाइकांनी तिथे हुज्जत घालू नये, तोच क्रम बरोबर आहे. साठीनंतर पहिल्यांदाच अशी कळ आली तर पोटातली महाधमनी फुगलेली नाही ना, हे बघून घ्यायला सांगा. तरुण मुलाच्या अंडकोषाच्या पिशवीत दुखत असेल तर आधी वृषणाला पीळ पडलेला नाही याची खात्री हवी, कारण तिथे हातात तासच असतात.

तपासण्या

लघवीची तपासणी, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी होतेच. लघवीत रक्त दिसलं नाही म्हणून खडा नाही, असं होत नाही. सोनोग्राफीत किडनीची सूज दिसते, पण किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीच्या मधल्या भागातला खडा आतड्यातल्या गॅसमागे लपतो. रिपोर्टमध्ये ‘सूज आहे, खडा दिसत नाही’ असं आलं तर तिथे थांबू नका. एनसीसीटी केयूबी म्हणजे इंजेक्शन न देता केलेला साधा सीटी स्कॅन, तो जवळपास सगळे खडे दाखवतो. नुसत्या एक्स-रेवर विसंबू नका, युरिक ॲसिडचा खडा त्यात उमटतच नाही. गरोदरपणात आणि लहान मुलांत मात्र सोनोग्राफीच आधी.

रिपोर्टमधल्या चार गोष्टी स्वतः वाचा आणि डायरीत लिहून ठेवा: खडा किती मिलिमीटरचा, कुठे आहे, किडनीला सूज किती (तिथे ‘हायड्रोनेफ्रोसिस’ लिहिलेलं असतं), आणि एचयू किती. एचयू म्हणजे खड्याचा घट्टपणा. तो 500 च्या खाली असेल तर खडा युरिक ॲसिडचा असण्याची शक्यता मोठी, आणि हे खडे गोळ्यांनी विरघळू शकतात. 1000 च्या वर असेल तर बाहेरून लहरी देऊन फोडणं अवघड जातं.

5 मिमीपेक्षा लहान खडे बहुतेक आपोआप पडतात. 5 ते 10 मिमीमधले साधारण निम्मे पडतात. 10 च्या पुढचा पडेल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही.

कळ थांबल्यानंतरचे चार आठवडे

लहान खडा असेल तर डॉक्टर घरी पाठवतात. सोबत दुखण्याची गोळी आणि खडा नळीच्या खालच्या भागात असेल तर बऱ्याचदा टॅमसुलोसिन. ही गोळी नळीचे स्नायू सैल करते. रात्री झोपताना घ्या आणि उठताना सावकाश उठा, चक्कर येते. पुरुषांना या काळात वीर्यपतन कोरडं होऊ शकतं, गोळी बंद केल्यावर ते पूर्ववत होतं. हे आधी माहीत नसल्याने घाबरून गोळी सोडून देणारे बरेच आहेत.

आता मुख्य गोष्ट. दुखतं ते खडा टोचल्यामुळे कमी आणि लघवी तुंबून किडनी ताणली गेल्यामुळे जास्त. खडा जागीच असला तरी त्याच्या कडेने थोडी वाट मिळाली की ताण उतरतो आणि कळ थांबते. पण नळी पूर्ण बंद असली तरीही काही दिवसांनी कळ थांबू शकते, कारण तुंबलेली किडनी हळूहळू लघवी बनवणंच कमी करते. पहिल्या कारणाने थांबलेली कळ आणि दुसऱ्या कारणाने थांबलेली कळ पेशंटला सारखीच वाटते. बाहेरून काही कळत नाही. दुसरी किडनी चांगली असेल तर लघवी नेहमीसारखी होते, क्रिएटिनिनही फारसं वाढत नाही. पूर्ण तुंबलेली किडनी काही आठवड्यांत कायमची निकामी होऊ लागते. म्हणून खडा पडला हे दोनच गोष्टींनी ठरतं: खडा हातात आला किंवा पुन्हा केलेल्या तपासणीत तो दिसला नाही आणि सूज उतरलेली दिसली. ‘आता बरं वाटतंय’ हा पुरावा नाही.

खडा पकडायचं काम मला पहिल्यांदा अजिबात जमेना. सगळे सांगतात ‘गाळणीतून लघवी करा’. चहाची गाळणी धरून उभ्या उभ्या लघवी केली की ती उसळून बाहेर जाते, आणि बारीक खडा जाळीतून सहज निसटतो. नंतर जी पद्धत बसली ती अशी. पारदर्शक प्लास्टिकचा मग घ्यायचा आणि प्रत्येक लघवी त्यातच करायची, रात्रीचीसुद्धा. दोन मिनिटं मग तसाच ठेवायचा. मग गाळणीवर दुहेरी गॉज किंवा जुन्या मलमलीचा तुकडा ठेवून सावकाश ओतायचं, आणि तळाशी राहिलेलं थोडं पाणी घालून त्याच कापडावर घ्यायचं. कापड उजेडात धरून बघा. बायकांनी बसून मोठ्या तोंडाचं भांडं वापरावं, बाकी रीत तीच.

खडा हिऱ्यासारखा चमकत नाही. बहुतेकदा तो तपकिरी, खडबडीत, ज्वारीच्या कणीएवढा असतो. युरिक ॲसिडचा पिवळसर-नारिंगी आणि गुळगुळीत असतो. रक्ताची गुठळी बोटाने दाबली की चिरडते, खडा चिरडत नाही. सापडला की साध्या पाण्याने धुवा, कागदावर वाळवा आणि कोरड्या डबीत ठेवा. चिकटपट्टीने कागदावर चिकटवू नका, तिचा गोंद तपासणीत येतो. लघवीत भिजवूनही ठेवू नका.

खडा नळीच्या अगदी तोंडाशी, मूत्राशयात उतरायच्या जागी आला की सारखी लघवी लागते, दोन थेंब होतात आणि टोकाशी जळजळतं. पुष्कळजण याला उन्हाळी लागली म्हणतात आणि जिरं-खडीसाखरेवर दिवस काढतात. कळ उठून गेल्यानंतर असं होत असेल तर तो प्लास्टिकचा मग हातातून सोडू नका, खडा जवळ आलाय. एकदा मूत्राशयात पडला की पुढचा मार्ग रुंद असतो, तिथून तो सहसा न अडकता बाहेर येतो.

डॉक्टरांनी पुढची तारीख दिली नसेल तर मागून घ्या. मध्ये काहीही दुखलं नाही तरी त्या तारखेला सोनोग्राफी किंवा सांगतील तो स्कॅन करा. चार आठवडे, फार तर सहा. तोवर खडा पडला नाही तर तो काढायचा, यात ‘अजून एक महिना बघू’ असं नसतं. मध्येच ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. कुळथाचं पिठलं खुशाल खा, उत्तम अन्न आहे. पण 9 मिमीचा खडा त्याने सुटेल म्हणून तारीख पुढे ढकलू नका. करमळाचा (स्टारफ्रूटचा) रस मात्र पिऊ नका. त्यात ऑक्झलेट (बहुतेक खडे ज्यापासून बनतात ते) प्रचंड असतं आणि त्याने किडनीलाच इजा होते.

काढायचा ठरला तर

बाहेरून लहरींनी फोडणं 1980 साली जर्मनीत म्युनिकला सुरू झालं. लहान आणि फार घट्ट नसलेल्या खड्यासाठी ते अजूनही चांगलं आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, गरोदरपणात ते करत नाहीत. नळीतला खडा लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून लेझरने फोडतात. किडनीतला 2 सेंटिमीटरच्या वरचा असेल तर पाठीत छोटं छिद्र पाडून काढतात. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात बसते का, हे भरती होण्याआधीच तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

ऑपरेशननंतर आत डीजे स्टेंट (लघवीची वाट उघडी ठेवणारी बारीक नळी) ठेवलाय का, हे घरी निघताना तोंडाने विचारा. डिस्चार्ज कार्डावर ते एका ओळीत इंग्रजीत असतं आणि पेशंटला पत्ताच नसतो. स्टेंट असताना सारखी लघवी लागते, लघवी करताना कमरेत दुखतं आणि चाललं की लघवी लाल होते. हे त्रासदायक आहे, पण अपेक्षित आहे. धोका तो विसरण्यात आहे. महिनोन्महिने राहिला तर त्याच्यावरच खडे चढतात आणि मग तो काढायला नवी शस्त्रक्रिया लागते. काढायची तारीख घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये टाका.

पुन्हा होऊ नये म्हणून

डबीतला खडा तपासणीला पाठवा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. म्हणून दूध-दही बंद करतात, आणि हा सल्ला उलटा आहे. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधतं आणि ते शौचावाटे जातं. अळूचं फदफदं किंवा पालक खायचाच असेल तर सोबत दही-ताक घ्या. टोमॅटोच्या बियांचा काही संबंध नाही. मीठ कमी करा, लोणचं-पापडाचंही धरून, कारण मिठाने लघवीतलं कॅल्शियम वाढतं. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्या बंद करा.

पाणी किती प्यायचं हे लघवीवरून ठरवा: दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. उन्हात काम करणाऱ्याला त्यासाठी चार लिटर पाणीही कमी पडेल. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.

खडा पुन्हा झाला असेल तर 24 तासांच्या लघवीची तपासणी करून घ्या, पण कळेनंतर साधारण सहा आठवड्यांनी, नेहमीचं जेवण चालू असताना. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची शेवटची धरून थांबायचं. एक जरी चुकली तरी आकडे खोटे येतात. त्यामुळे सुट्टीचा दिवस निवडा, ज्या दिवशी घराबाहेर पडायचं नाही असा.