परड्यातल्या माडासाठी बियाणं निवडताना

अंबाबाईपुढं वाढवायला आणलेल्या नारळाला कोंब दिसला की तोच परड्यात पुरायचा, असं कोल्हापुरात बऱ्याच घरी चालतं. कृपा करून तसं करू नका. बियाण्याला सोडणासकट, म्हणजे वरच्या सालीसकट नारळ लागतो आणि त्याची आई, म्हणजे तो ज्या माडाचा तो माड, आपण डोळ्यांनी बघितलेली असावी लागते.

आमच्या आजऱ्याच्या रानात सासऱ्यांनी तळकोकणातून आणलेले बाणवली ह्या उंच जातीचे माड आहेत. त्यातला कुठला निवडायचा? वीस वर्षांच्या पुढचा, दरसाल 80च्या वर नारळ देणारा, डोक्यावर 30 तरी झावळ्या, देठ आखूड आणि रुंद. एक साल लदलदून दुसऱ्या साली रुसणारा माड नको. उकिरड्याशेजारचाही नको, ते पीक उकिरड्याचं असतं.

आणि सगळं बी एकाच माडाचं घेऊ नका. माझा सगळ्यात जास्त आग्रह ह्याच गोष्टीचा आहे. उंच माडाच्या पोयीत, म्हणजे फुलोऱ्यात, नरफुलं आधी उमलतात आणि तीनेक आठवड्यांत गळून जातात. मादी फुलं बहुतेक त्यानंतर तयार होतात, म्हणजे पराग शेजारच्या माडाचा! त्यामुळं बाणवलीची दोन रोपं सारखी नसतात. रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्राची 'प्रताप' जात अशाच बाणवलीतून निवडून काढलेली आहे. पाच रोपं लावायची तर पाच माडांची लावा. कीड आली, पाणी कमी पडलं, तरी सगळी एकदम बसणार नाहीत.

ठेंगू माडात नर-मादी फुलं बरोबरीनं चालतात, म्हणून रोपं आईवर जातात. चौघाट ऑरेंज ह्या ठेंगू जातीच्या वाफ्यात देठ नारिंगी असेल तर ते रोप आईसारखंच. तपकिरी-हिरवट दिसला तर उंच माडाचा संकर झालाय. वाफ्यात वाकून देठ बघायची सवय लावा.

नारळ 11-12 महिन्यांचा पक्का हवा, हलवला की आत पाणी वाजायला हवं. घड दोरानं खाली सोडा, आपटू नका. उंच जातीचे नारळ सावलीत दोनेक महिने ठेवले तरी चालतात, ठेंगूचे मात्र पंधरवड्याच्या आत पेरा. सहा महिन्यांत उगवला नाही तो काढून टाका. लवकर उगवलेलं, बुंध्याशी जाड, पानं लवकर फाकलेलं रोप ठेवा. लावताना दोन माडांत साडेसात मीटर सोडा आणि कुठलं रोप कुठल्या माडाचं ते वहीत लिहा.