बोगोटाहून येणाऱ्या मुलासाठी घर तयार करताना

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे, न्यू जर्सीत, कोलंबियाच्या राजधानीचा, बोगोटाचा, अकरा वर्षांचा मुलगा चार आठवडे राहून गेला. तिथल्या बालगृहात वाढणारी मुलं नाताळच्या सुट्टीत इथल्या घरांमध्ये राहायला येतात, त्यातलाच तो. यंदा आमच्या ओळखीतल्या दोन मराठी घरांनी अर्ज केलाय आणि दोन्हीकडून एकच विचारणा आली, तयारी काय काय करायची? फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

कागदपत्रं सप्टेंबरपासूनच हातात घ्या. समाजसेविका घर बघायला येते, बोटांचे ठसे द्यावे लागतात, आणि घरात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची चौकशी होते. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा त्या काळात घरी असणार असतील तर त्यांची नावं अर्जातच घाला. मुलाच्या विम्याचा कागद, आणि आजारी पडला तर डॉक्टरकडे नेण्याचा लेखी अधिकार, या दोन्हींच्या प्रती गाडीतही ठेवा. मुलाचे फोटो फेसबुकवर किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत, हे मावशा-आत्यांना आधीच कळवून टाका.

याच सुमाराला घरात एकदा बसून भाषेचं ठरवा. स्पॅनिशची तयारी पुढे आहे, हे आपल्याच बोलण्याबद्दल. यातल्या बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, भावंडं दुसऱ्या बालगृहात असतात; घर सांभाळू न शकल्याने मुलं सरकारच्या ताब्यात आलेली असतात. कोलंबियात हे काम 'इन्स्टिट्यूटो कोलंबियानो दे बिएनेस्तार फामिलिआर' ही १९६८ साली स्थापन झालेली सरकारी संस्था बघते. म्हणून 'अनाथ' हा शब्द आमच्या घरात आम्ही बंद केला, 'बिचारा' तर त्याहून आधी. दुसरा शब्द 'अडॉप्शन'. आपण मराठी बोलतानाही सर्रास तो वापरतो, आणि स्पॅनिशमध्ये तो 'आदोप्सिओन' आहे. वाक्यातलं बाकी काही कळलं नाही तरी मुलाला तेवढं बरोब्बर ऐकू जातं. आमच्याकडे चहाला आलेल्या एका काकूंनी सहज विचारलं, "मग अडॉप्ट करणार का?" आणि तो हातातलं बिस्किट तसंच धरून माझ्याकडे बघत राहिला. राहायला येणं वेगळं आणि दत्तक वेगळं. दत्तक घ्यायचं असेल तर ते १९९३ च्या हेग करारानुसार, दोन्ही देशांच्या ठरलेल्या यंत्रणेतूनच होतं. घरातल्या कुणीही, लाडातसुद्धा, "आता तू आमचाच" म्हणायचं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही दारातच सांगा.

नोव्हेंबरमध्ये कपडे. मुलं बहुतेक अंगावरच्या कपड्यांनिशी येतात. बोगोटा समुद्रसपाटीपासून २,६०० मीटरवर आहे, तिथे बाराही महिने गारवा असतो, त्यामुळे स्वेटरची सवय असते, बर्फाची नसते. जाड जॅकेट, हातमोजे, कानटोपी, पाण्यात न भिजणारे बूट एवढं हवंच. फॉर्मवरच्या मापांवर मात्र विसंबू नका. आम्हाला मिळालेली मापं जुनी होती आणि बूट दोन नंबर लहान निघाले. पावती जपून ठेवा, किंवा बूट तो आल्यावर त्याला बरोबर नेऊनच घ्या. त्याची आवडही कळते.

आता स्वयंपाकघर. इथे मी जास्त वेळ घालवला आणि त्याचं चीज झालं. कोलंबियातलं जेवण तिखट नसतं. मिरची आणि गरम मसाला चार आठवडे बाजूला ठेवा, पण आपला डबा सोडून रोज पिझ्झा मागवू नका. डाळ-भात त्याच्याही घरचाच आहे. तिथे मसूर शिजवून भाताबरोबर खातात, त्याला 'लेंतेखास' म्हणतात. साधं वरण, भात, वर तूप, आमच्याकडे पहिल्या रात्री हे ताट रिकामं झालं. मक्याची जाडसर भाकरी म्हणजे त्यांची 'आरेपा'. तिचं पीठ आधी शिजवलेल्या मक्याचं असतं, आपल्या मक्याच्या पिठाने ती जमत नाही. साबुदाणा ज्या कंदाचा, तोच कंद तिथे 'यूका' म्हणून खातात, म्हणून खिचडीची चव त्याला परकी वाटली नाही. आणि गूळ! गुळाला ते 'पानेला' म्हणतात, त्याचं गरम पाणी, 'आग्वापानेला', तिथे घरोघरी पितात. आम्ही कोल्हापुरी गुळाचा खडा पाण्यात उकळून कपात दिला. त्याने वास घेतला, कप दोन्ही हातांनी धरला आणि काहीएक न बोलता सगळा संपवला. दुसऱ्या दिवशी सकाळी कप घेऊन तोच ओट्यापाशी उभा.

या सगळ्या खरेदीसाठी न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्सला एक फेरी करा. ७४व्या रस्त्यावर आपली किराणा दुकानं आणि पलीकडे रूझवेल्ट अॅव्हेन्यूवर कोलंबियन बेकऱ्या. आरेपाचं पीठ, पानेला, नाताळचे तळलेले चीजचे गोळे 'बुन्युएलोस', सगळं मिळतं.

फ्रिजमध्ये एक खालचा कप्पा रिकामा करून त्यावर त्याच्या नावाची पट्टी लावा. बालगृहात खाणं ठरलेल्या वेळेला, ठरलेलं मिळतं; हवं तेव्हा घ्यायची सवयच नसते. आमचा मुलगा पहिले तीन दिवस फ्रिज उघडण्याआधी दर वेळी "पुएदो?" म्हणजे 'घेऊ का?' विचारायचा. केळी, दही, चीज, उकडलेली अंडी त्या कप्प्यात ठेवत गेलो आणि ते संपलं की न विचारता भरत गेलो. चौथ्या दिवशी त्याने त्याच्या कप्प्यातलं एक दही काढून माझ्या सासऱ्यांना नेऊन दिलं.

न्हाणीघरात दोन गोष्टी आधी करून ठेवा, कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. स्पॅनिशमध्ये नळावरचा 'सी' म्हणजे 'कालिएंते', गरम. इथे तोच 'सी' गारासाठी. डिसेंबरात गरम म्हणून गार पाणी अंगावर आणि गार म्हणून कढत पाणी हातावर. नळांवर लाल-निळ्या टिकल्या चिकटवा आणि पाणी तापवण्याच्या टाकीचं तापमान थोडं उतरवा. दुसरं, कोलंबियात वापरलेला कागद कमोडमध्ये टाकत नाहीत, शेजारच्या टोपलीत टाकतात. झाकणाची छोटी बादली ठेवा, त्याला संकोच होणार नाही. उवांची फणी आणून ठेवा, लागली तर शांतपणे वापरा. स्पॅनिश बोलणारा दातांचा डॉक्टर शोधून डिसेंबरअखेरची वेळ घ्या. आणखी एक: आपल्या फोडणीने इथला स्मोक अलार्म वाजतो, आपल्याला सवय असते. पहिल्या संध्याकाळी मोहरी तडतडली, अलार्म किंचाळला आणि तो टेबलाखाली गेला. पहिले चार दिवस फोडणी नको, किंवा अलार्म कसा वाजतो ते दिवसाउजेडी त्याला बटण दाबून दाखवा.

झोपायची खोली स्वतंत्र देण्याचा मोह होतो. मुलं बालगृहात चार-सहा जणांच्या खोलीत झोपलेली असतात, एकटेपणाने दचकतात. दार उघडं, बोळात दिवा चालू, आणि तुम्ही कुठे झोपता ते पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा. विमानाच्या शिणाची काळजी मात्र नको. हिवाळ्यात बोगोटाचं आणि इथलं घड्याळ एकच असतं.

स्पॅनिशसाठी फोनवरचं भाषांतर कामाचं आहे, पण पोट दुखत असताना कुणी फोन धरत नाही. मे दुएले (दुखतंय), तेंगो आंब्रे (भूक लागली), तेंगो मिएदो (भीती वाटते), बान्यो (न्हाणीघर), कासा (घर) हे शब्द घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ हवेत, आजी-आजोबांनासुद्धा. बोगोटाची मुलं घरच्यांनाही 'उस्तेद' म्हणतात, म्हणजे आपलं अहो-जाहो. तो अंतर ठेवतोय असं समजू नका.

तुमच्या मुलांची तयारी वेगळी करा. जी खेळणी वाटून घ्यायला जीव होत नाही ती आधीच कपाटात ठेवायला सांगा आणि त्याबद्दल रागावू नका. आमच्या मुलीने तीन गोष्टी ठेवल्या, त्यातली एक आठवड्याभराने स्वतःहून बाहेर काढली.

सण त्याच्या पद्धतीने होऊ द्या. कोलंबियात १६ ते २४ डिसेंबर नऊ संध्याकाळी 'नोवेना', म्हणजे प्रार्थना आणि गाणी, येशूजन्माच्या देखाव्यासमोर. भेटी सांताक्लॉज आणत नाही, २४ च्या मध्यरात्री 'निन्यो दिओस', बाळ येशू आणतो. देखाव्याला 'पेसेब्रे' म्हणतात: शेवाळ, वाटा, गुरं, मेंढपाळ. हुबेहूब आपला दिवाळीतला किल्ला. खोकी, हिरवा कागद आणि मूर्ती आणून ठेवा आणि मुलांना एकटं सोडा. आमच्या मुलीने गॅरेजमधून मावळे आणले. त्याने त्यातले दोन गाईंपाशी राखणीला उभे केले, तोंड रस्त्याकडे करून. पेसेब्रेभोवती उरलेल्या पणत्या लावल्या. भेटवस्तू थोड्याच द्या, नाहीतर त्या दिवशीचा गोंधळ त्याला झेपत नाही.

आणि परतीची तारीख. ती पहिल्याच दिवशी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लाल गोल करून दाखवा. लपवली तर मुलं रोज सकाळी आज का उद्या याच धास्तीत उठतात. रोज रात्री उद्याचं चित्र काढून लावा: दुकान, बर्फ, डॉक्टर, काही नाही. आमच्याकडे त्याला हेच सगळ्यात आवडलं. परतीच्या बॅगेत काय चालेल ते आधी विचारून घ्या. महागडी वस्तू बालगृहात भांडणाचं कारण होते. उबदार कपडे, बूट आणि फोटोंचं छोटं पुस्तक, प्रत्येक फोटोखाली स्पॅनिशमध्ये नावं. संक्रांत चार दिवसांवर होती, म्हणून सासूबाईंनी तिळाचे लाडू आधीच वळून डब्यात भरले. बालगृहातल्या सगळ्यांना एकेक पुरेल एवढे.

विमानतळावर काय म्हणायचं तेही आदल्या रात्री ठरवा. निघताना "जातो" म्हणू नये, "येतो" म्हणावं, हे आपल्या तोंडात बसलेलं, आणि मागोमाग "पुन्हा ये" येतंच. ज्याची खात्री नाही ते त्या मुलाला म्हणू नका. आम्ही "रोज तुझी आठवण काढू" हे स्पॅनिशमध्ये पाठ केलं होतं आणि तेवढंच म्हटलं.

परत आल्यावरचा आठवडा मोकळा ठेवा, घरी कुणाला बोलावू नका. फ्रिजच्या कप्प्यावरची नावाची पट्टी काढायची घाई करू नका. आमच्याकडे ती मुलीने फेब्रुवारीत काढली आणि वहीत चिकटवून ठेवली.