आजोबांना सांगावे का? घरातला तात्त्विक प्रश्न कसा तपासावा

सर्व माहिती सर्वांसमोर आल्यानंतरही घरातला एखादा वाद मिटत नसेल, तर त्याच्या तळाशी बहुधा तात्त्विक प्रश्न असतो. एसटी किती वाजता सुटते यावरचा वाद वेळापत्रक पाहिले की संपतो. परंतु आईवडिलांची सेवा केलेल्या मुलीला आणि परगावी राहिलेल्या मुलाला जमिनीचा सारखाच वाटा मिळावा का, किंवा जुनी चाळ पाडून तिच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीतले घर ‘आपले तेच घर’ आहे का, हे प्रश्न सातबारा आणि करारनामा कितीही वेळा वाचले तरी सुटत नाहीत. असे प्रश्न तपासण्याची एक रीत आहे आणि ती येथे एकाच प्रश्नाच्या आधारे मांडत आहे, कारण एक प्रश्न अखेरपर्यंत तपासल्याखेरीज ती हाती लागत नाही.

ऐंशी वर्षांच्या आजोबांना कर्करोग असल्याचे निदान झाले आहे. ‘पोटात थोडी सूज आहे, औषधाने उतरेल’ एवढेच त्यांना सांगायचे, असे घरातील मोठ्यांनी ठरवले आहे. नात म्हणते, हे खोटे बोलणे आहे. काका म्हणतात, ही काळजी आहे. असे घर आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिले आहे.

प्रथम वही घ्यावी आणि नेमका वाद कशावर आहे ते लिहून काढावे. लिहिताना लक्षात येते की एका प्रश्नात तीन-चार प्रश्न गुंतलेले आहेत. आजार कोणत्या टप्प्यावर आहे आणि उपचार झेपतील का, याचे उत्तर डॉक्टरांकडे आहे. संमती कोणाची घ्यायची, याविषयी कायदा बोलतो: रुग्ण सज्ञान आणि निर्णय घेण्यास सक्षम असेल तर उपचारांची संमती त्याच्याकडूनच घेतली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. हे दोन्ही भाग बाजूला काढले तरी नातीचे आणि काकांचे एकमत होत नाही. जे उरते ते असे: खोटे बोलणे म्हणजे काय, आणि ते कधी योग्य ठरू शकते का? आपल्या तपासाचा विषय एवढाच आहे.

आता ‘खोटे’ या शब्दाची व्याख्या करून पाहावी. न्यायदर्शनाने, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय परंपरेने, व्याख्या तपासण्यासाठी दिलेली साधने येथे फार उपयोगी पडतात. व्याख्या नको त्या गोष्टींनाही कवेत घेत असेल तर ती अतिव्याप्ती, आणि हव्या त्या गोष्टी बाहेर ठेवत असेल तर अव्याप्ती. ‘जे खरे नाही ते सांगणे म्हणजे खोटे बोलणे’ असे म्हटले, तर जुन्या वेळापत्रकावर विसंबून चुकीची वेळ सांगणारा प्रामाणिक माणूसही खोटारडा ठरतो. म्हणून ‘खरे नाही हे ठाऊक असताना सांगणे’ अशी दुरुस्ती करावी. पण मग द्रोणपर्वातल्या युधिष्ठिराचे काय करायचे? अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता, ‘अश्वत्थामा मेला’ हे शब्द खरेच होते आणि ‘हत्ती’ हा शब्दही तो पुटपुटला होता. तरीही, तोवर जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला, असे महाभारत सांगते. ‘नरो वा कुंजरो वा’ हे आज आपण मोघम उत्तराविषयी म्हणतो. मूळ प्रसंगात मात्र ती जाणूनबुजून केलेली दिशाभूल होती.

तेव्हा व्याख्या आणखी बदलावी लागते: समोरच्याची चुकीची समजूत व्हावी या हेतूने बोलणे किंवा गप्प राहणे. ही व्याख्या ‘पोटात सूज आहे’ या वाक्याला लागू पडते, मग पोटात खरोखर सूज असो वा नसो. पण आता जादूगारही खोटारडा ठरू लागतो. त्याला आपण तसे का म्हणत नाही? कारण प्रेक्षक फसायला राजी होऊनच तेथे आलेले असतात. म्हणजे ज्याची समजूत चुकवली जाते त्याची संमती नसणे, हाही व्याख्येचा भाग असला पाहिजे. येथवर पोहोचायला एखादी संध्याकाळ लागते, आणि माझ्या मते या साऱ्या खटाटोपातली ही संध्याकाळ सर्वांत मोलाची असते.

यानंतर दृष्टान्त बदलून पाहावेत. कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतात. सत्यवचनाचे व्रत घेतलेल्या कौशिकाने, जीव वाचवण्यासाठी लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा दरोडेखोरांना सांगितला आणि त्या पापाने तो नरकात गेला. याउलट जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी 1797 मधील एका निबंधात, आपल्या घरात दडलेल्या मित्राला शोधत आलेल्या मारेकऱ्याशीही खोटे बोलू नये, अशी भूमिका घेतली. काका कौशिकाचा दाखला देतील. परंतु दाखला लावण्यापूर्वी दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहिले पाहिजेत. दरोडेखोर दुसऱ्यांच्या जिवाविषयी विचारत होते. आजोबा स्वतःच्या देहाविषयी विचारत आहेत. हा फरक लहान नाही. आणखीही बदल करून पाहावेत: आजोबांनी सरळ विचारले तर? त्यांना इच्छापत्र करायचे असेल तर? रुग्ण तीस वर्षांचा असता तर? ज्या बदलाने आपले मत हलते, तेथे आपल्या मताचे खरे कारण दडलेले असते.

एकट्याने एवढे झाले की घरच्यांशी बोलावे. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढणारी वितंडा. घरातली बोलणी पहिल्यापासून दुसऱ्यावर केव्हा घसरतात, हे शब्दांना धरून ठेवल्यास कळते. ‘नवकंबल’ म्हणजे नवी घोंगडी, हे माहीत असूनही ‘नऊ घोंगड्या कुठे आहेत?’ असे विचारणे, याला त्या सूत्रांवरील भाष्यात छल म्हटले आहे. ‘तुला आजोबांचा जीव प्यारा नाही का?’ हा प्रश्नही त्याच जातीचा आहे, कारण नातीच्या शब्दांना त्यात नसलेला अर्थ चिकटवला जातो. त्यावर उपाय म्हणून आधी पूर्वपक्ष मांडावा. नातीने काकांचे म्हणणे असे सांगावे की काकांनी ‘होय, हेच माझे म्हणणे आहे’ असे कबूल करावे: आजोबा आयुष्यभर घाबरट स्वभावाचे आहेत, उरलेले दिवस भीतीत जाऊ नयेत, आणि आपल्या घरात आजारपणाचे ओझे एकट्याने वाहायची पद्धत नाही. हे म्हणणे हलके नाही. त्यानंतरच काकांनी नातीचे म्हणणे तितक्याच प्रामाणिकपणे मांडावे.

दोघांचे एकमत होईलच असे नाही. पण वाद कोठे अडला आहे हे आता दोघांनाही दिसते. आजोबांना कळावेसे वाटते की नाही, म्हणजे त्यांची संमती आहे की नाही, तेथे तो अडला आहे, आणि ते घरातल्या कोणीही आजवर त्यांना विचारलेले नाही. निदान झाल्यावर हा प्रश्न काढला तर प्रश्नातूनच उत्तर फुटते. म्हणून घरात सर्व जण धडधाकट असताना, जेवणानंतर निवांतपणे बसलेले असताना, आपल्या आईवडिलांना आणि आजीआजोबांना विचारावे: उद्या मोठा आजार निघाला तर तुम्हाला सगळे सांगितलेले आवडेल का, आणि ते कोणी सांगावे? जे उत्तर मिळेल ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवावे आणि वर्षभराने पुन्हा विचारावे, कारण माणसाचे मत बदलते.