वाढीच्या खोलीत गॅसचा बर्नर लावण्यापूर्वी

बंदिस्त खोलीत दिव्यांखाली रोपे वाढवणाऱ्यांना कार्बन डायऑक्साइडचा उपयोग नव्याने सांगण्याची गरज नाही. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग असतो आणि दारे लावून दिवे सुरू केले की रोपे तो झपाट्याने वापरतात. ही पातळी ८०० ते १००० पीपीएमपर्यंत नेल्यास पालेभाजी आणि टोमॅटो-मिरचीची रोपे चांगला जोम धरतात. धिंगरीची (अळिंबीची) खोली मात्र यातून पूर्णपणे वगळावी. सोयाबीनच्या कुटारावर धिंगरी घेणाऱ्यांना हा वायू बाहेर काढायचा असतो, नाहीतर देठ लांबतात आणि छत्र्या भरत नाहीत. वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावी रोपवाटिकेच्या खोलीत मी एलपीजी जाळून कार्बन डायऑक्साइड देणारा बर्नर, म्हणजे सीओटू जनरेटर, वापरतो. कृषी पदविका संपवून या कामाकडे वळणारी मुले मला बरेच काही विचारतात, पण एक प्रश्न कोणीच विचारत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बर्नर किती मोठा घ्यावा, हे सगळेच विचारतात. माझे उत्तर, मिळेल तेवढा लहान. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीत १५० घनमीटर हवा असते. तिची पातळी ४२० वरून १००० पीपीएमवर नेण्यासाठी जेमतेम १६० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि एक किलो एलपीजी पूर्ण जळल्यास तो सुमारे तीन किलो मिळतो, म्हणजे ५० ते ५५ ग्रॅम गॅसमध्ये काम होते. पुढे रोपांनी वापरलेले आणि फटींतून गेलेले तेवढे भरून काढायचे असते. याहून जास्त जाळलेला गॅस उष्णता आणि ओल वाढवतो, कारण प्रत्येक किलोमागे दीड किलोहून अधिक पाणी वाफ होऊन खोलीत उतरते आणि पानांवर बुरशी येते. आपल्याकडे हे हिवाळ्यातच परवडते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांकडे गेल्यावर पंखे बंद ठेवता येत नाहीत आणि पंखे चालू असताना दिलेला वायू बाहेर निघून जातो.

कोणी न विचारलेला प्रश्न असा की ज्योत नीट जळते आहे, हे कशावरून ओळखायचे. कार्बन डायऑक्साइडचा मीटर हे सांगत नाही, आणि मला नेमके याच मीटरने गाफील ठेवले. भिंतीवर ९५० आकडा स्थिर होता, रोपे टवटवीत होती, आणि ट्रे भरणाऱ्या दोन्ही काकूंचे डोके दुखत होते. एकीने उपवासाला दोष दिला, मी माझ्या दुखण्याचा दोष जागरणाला दिला. दुपारी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) जेवायला बसल्यावर तिघांचेही दुखणे ओसरले आणि खोलीत परतल्यावर पुन्हा सुरू झाले. बर्नर उघडल्यावर हवा ओढणाऱ्या भोकात कोळ्याचे जाळे सापडले. ज्योतीची टोके पिवळी झाली होती, म्हणजे गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होत होता.

हे पुन्हा सांगतो, कारण येथेच जीव जातो. कार्बन डायऑक्साइडचा मीटर फक्त तोच वायू मोजतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि एलपीजीत मिसळलेला उग्र वास जळताना नष्ट होत असल्याने नाकावरही भिस्त ठेवता येत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या अनुसूचीत आठ तासांच्या कामासाठी कार्बन डायऑक्साइडची मर्यादा ५००० पीपीएम आणि कार्बन मोनॉक्साइडची ५० पीपीएम ठेवलेली होती. या दोन आकड्यांतील अंतर लक्षात ठेवावे. कोरोनापासून घरोघरी आलेला ऑक्सिमीटरही येथे फसवा ठरतो, कारण तो कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले रक्त ऑक्सिजनचे समजून ९८ दाखवू शकतो. एकाच खोलीतील दोन-तीन जणांचे डोके एकदम दुखणे, मळमळणे आणि बाहेर आल्यावर बरे वाटणे, ही खूण कोणत्याही आकड्यापेक्षा महत्त्वाची मानावी. म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा स्वतंत्र अलार्म माणसाच्या नाकाच्या उंचीवर हवाच. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळतीचा डिटेक्टर वेगळा आणि जमिनीलगत लावावा. ज्योत रोज डोळ्यांनी पाहावी.

परदेशी बनावटीचे अनेक जनरेटर प्रोपेनसाठी बेतलेले असतात, तर आपल्या सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असते. ब्युटेनला जळण्यासाठी अधिक हवा लागते, त्यामुळे जेट (गॅस सोडणारे बारीक भोक असलेला भाग) न बदलता जोडणी केल्यास ज्योत पिवळी पडू शकते. याबाबतीत फोनवरून सल्ला देणाऱ्या सल्लागारापेक्षा ढाब्यांचे बर्नर दुरुस्त करणारा तालुक्याचा गॅस मेकॅनिक मला अधिक विश्वासाचा वाटतो, कारण तो ज्योतीसमोर बसून जेट बदलतो. घरातील शेगडी खोलीत आणून ठेवण्याचा सल्ला देणाऱ्याचे तर अजिबात ऐकू नये. घरगुती सिलिंडर या कामाला वापरणे नियमाविरुद्धही आहे. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा, तो खोलीबाहेर, सावलीत आणि उभा ठेवावा, आणि नळी उंदरांपासून जपावी.

विजेकडे आपल्या भागात विशेष लक्ष द्यावे लागते. एक्झॉस्ट पंखा कृषी वाहिनीच्या थ्री-फेजवर आणि गॅसचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी झडप) इन्व्हर्टरवर अशी जोडणी मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. वीज गेली की पंखा थांबतो आणि बर्नर मात्र जळतच राहतो. व्हॉल्व्ह नेहमी पंख्याच्याच पुरवठ्याशी जोडलेला आणि वीज जाताच आपोआप बंद होणारा असावा.

हे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. लहान बर्नर, दोन अलार्म, स्वच्छ जेट आणि योग्य जोडणी असल्यास हे काम शिकता येते, आणि आमच्या खोलीत त्या काकूच आता सकाळी ज्योत तपासतात. अलार्म वाजल्यास आधी सर्वांनी बाहेर यावे, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बाहेरूनच बंद करावा आणि कोणी आत पडले असल्यास दारे सताड उघडून मदत बोलवावी. श्वास रोखून एकट्याने आत धावू नये. गॅसचा वास आल्यास दिव्याच्या बटणालाही हात न लावता लांब जाऊन १९०६ वर कळवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्यावर, बंद खोलीत गॅस जळत होता, हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे.